मिरचीची बिअर: फोन काय मोजतो आणि जिभेला काय मोजावं लागतं

रील्समध्ये मिरचीची बिअर बनवणं फारच सोपं दिसतं. बादलीत काहीतरी फेसाळतंय, वरून चार मिरच्या चिरून टाकल्या, पुढच्या सेकंदाला ग्लास भरला, मित्राने घोट घेतला, डोळ्यांत पाणी, सगळे हसले, रील संपली. मधले चार आठवडे गायब! आणि खरी गंमत त्या चार आठवड्यांतच असते. धोकाही तिथेच असतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. पुण्यातून बीई, मग अमेरिकेत एमएस, आणि आता डेन्व्हरमध्ये नोकरी. इथे घरी बिअर बनवणं कायदेशीर आहे आणि बऱ्याच लोकांचा तो छंद आहे. मला या छंदात ओढलं ते चवीने नाही, ग्राफने. फर्मेंटरमध्ये तरंगणारा एक सेन्सर दर थोड्या वेळाने फोनला आकडा पाठवतो आणि यीस्ट काय करतंय ते स्क्रीनवर दिसतं. पण बिअरमध्ये मिरची घालायची म्हटली, की हाच फोन हात वर करतो. तिखट मोजणारा सेन्सर त्या बादलीत नाही. मग काय करायचं? आजचा लेख त्याबद्दल आहे.

वाचण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. त्याबद्दल शेवटी लिहिलंय. तिथे राहणाऱ्यांनी हा लेख तंत्र समजून घेण्यासाठी वाचा, करून बघण्यासाठी नको.

आधी दोन मिनिटांत बिअर

बिअरला चार गोष्टी लागतात: पाणी, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, हॉप्सची फुलं आणि यीस्ट.

१. भरडलेला माल्ट साधारण ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. मोड येताना तयार झालेली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात.
२. ते गोड पाणी गाळून तासभर उकळतात आणि त्यात हॉप्स टाकतात. हॉप्समुळे कडवटपणा आणि वास येतो. डेन्व्हर १,६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं आणि हॉप्सचा कडवटपणा थोडा कमी उतरतो. ब्रूफादरसारख्या ॲपमध्ये उंची टाकली की हा हिशोब ते आपोआप करतं.
३. पाणी २० अंशांच्या आसपास थंड करून त्यात यीस्ट टाकतात. पुढचे दहा-पंधरा दिवस यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बनवतं.
४. शेवटी बाटलीत भरताना मोजून थोडी साखर घालतात, म्हणजे बंद बाटलीत गॅस तयार होतो. अजून दोन आठवडे थांबलं की बिअर तयार.

घरगुती बॅच बहुतेक वेळा ५ गॅलनची असते, म्हणजे जवळपास १९ लिटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बादलीत तरंगणारा ऑटो-रोटेट

फोन आडवा केला की स्क्रीन फिरते. हे काम ॲक्सेलरोमीटर करतो. पृथ्वी कुठल्या दिशेला ओढतेय हे ओळखून तो फोन किती कललाय ते सांगतो. घरगुती बिअरमधला सगळ्यात भारी सेन्सर म्हणजे हाच चिप, एका प्लॅस्टिकच्या नळीत बंद करून पाण्यात सोडलेला.

लॉजिक साधं आहे. साखरेचं पाणी जड असतं, त्यात नळी जास्त वर तरंगते आणि जास्त कलते. यीस्टने साखर खाल्ली की पाणी हलकं होतं, नळी थोडी खाली जाते आणि उभी होत जाते. कोन मोजला की घनता कळते. बिअरवाले या घनतेला ग्रॅव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याची ग्रॅव्हिटी १.०००. सुरुवातीला १.०५० असेल आणि शेवटी १.०१० झाली, तर अल्कोहोल किती?

(१.०५० − १.०१०) × १३१.२५ = ५.२५ टक्के.

बाजारात मिळणारा टिल्ट नावाचा सेन्सर हा आकडा ब्लूटूथवरून आयबीकन फॉरमॅटमध्ये पाठवतो. पेअरिंग वगैरे काही नाही. आयबीकनच्या पॅकेटमध्ये तीन जागा असतात. पहिल्या जागेत सेन्सर कुठल्या रंगाचा आहे ते, दुसऱ्या जागेत फॅरनहाइटमध्ये तापमान आणि तिसऱ्या जागेत ग्रॅव्हिटी गुणिले १०००. तिसऱ्या जागेत १०४८ आलं, तर ग्रॅव्हिटी १.०४८. बस! पासवर्ड नाही, त्यामुळे रेंजमध्ये असेल तर शेजाऱ्यालाही तुमच्या बादलीचं तापमान वाचता येतं. पण त्याचं तो करणार काय?

स्वतः बनवायचा असेल तर आयस्पिंडल हा ओपन सोर्स प्रकल्प आहे. त्यात ईएसपी८२६६ हा वायफाय चिप, एमपीयू-६०५० हा मोशन सेन्सर, डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर आणि एक १८६५० बॅटरी असते. हे सगळे पार्ट पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतही ओळखीचे आहेत. सेन्सर झोपलेला असतो, ठरलेल्या वेळाने उठतो, आकडा पाठवतो आणि परत झोपतो, म्हणून बॅटरी बरेच आठवडे टिकते. वापरण्याआधी माहीत असलेल्या घनतेच्या साखरपाण्यात तो टाकून कोणत्या कोनाला कोणती घनता याचं समीकरण काढावं लागतं.

एक मर्यादा आहे. नळीला फेस किंवा यीस्टचा थर चिकटला की कोन बदलतो आणि आकडा थोडा इकडे-तिकडे होतो. त्यामुळे आलेख उतरतोय की सपाट झालाय, हे बघायला हा सेन्सर उत्तम. पण अचूक आकडा हवा असेल तर काचेचा जुना हायड्रोमीटरच वापरायचा. आणि आता विचार करा, त्या बादलीत मिरचीचे तुकडे तरंगताहेत, दोन तुकडे नळीवर बसलेत. आलेखाची वाट लागली! मिरची थेट बादलीत का टाकत नाहीत, याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे.

फोन जे मोजू शकत नाही

ॲपमध्ये माल्टचं वजन टाका, ते अल्कोहोल सांगेल. हॉप्स टाका, कडवटपणा सांगेल. "हालापेन्यो, ४ नग" टाकलं तर ते फक्त यादीत नोंद करतं. तिखटाचा आकडा येत नाही आणि येऊही शकत नाही, कारण मिरची हा भरवशाचा इनपुट नाही.

मिरचीचं तिखट स्कोव्हिल एककात सांगतात. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन फार्मासिस्टने १९१२ साली ही पद्धत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्याने पातळ करत जायचं आणि किती पट पातळ केल्यावर जिभेला तिखट लागेनासं होतं ते मोजायचं. आता हे काम प्रयोगशाळेत मशीन करतं. हे आकडे बघा:

• पोब्लानो: साधारण १,००० ते १,५००
• हालापेन्यो: २,५०० ते ८,०००
• हाबानेरो: १ लाख ते साडेतीन लाख
• भूत जोलकिया: १० लाखांच्या पुढे

हालापेन्योच्या ओळीत नीट बघा. एकाच जातीत तिपटीचा फरक! पाणी किती मिळालं, ऊन किती होतं, झाडावर किती दिवस राहिली, यावर ते ठरतं. म्हणजे कोणी "चार हालापेन्यो घाला" असं लिहिलं असेल आणि तुम्ही तंतोतंत तेच केलं, तरी तुमची बिअर तिप्पट तिखट होऊ शकते. भाजीत जास्त झालं तर बटाटा घालता येतो. १९ लिटर बिअरमध्ये काय घालणार?

अजून एक गंमत. तिखटपणा ही खरं तर चव नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या टीआरपीव्ही१ या रिसेप्टरला चिकटतं. हा रिसेप्टर उष्णता ओळखणारा आहे, तो साधारण ४३ अंशांच्या पुढे "भाजतंय" असा सिग्नल मेंदूला देतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने १९९७ मध्ये तो शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये या कामाचा मोठा वाटा होता. अल्कोहोलमुळे याच रिसेप्टरची मर्यादा खाली, ३४ अंशांच्या आसपास येते, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानालाच तो पेटतो. नीट दारूने घशात जळजळ होते ती म्हणूनच. मिरची आणि अल्कोहोल दोघंही एकाच स्विचवर बोट ठेवतात. थंडगार बिअरच्या पहिल्या घोटात ते फारसं कळत नाही, तिसऱ्या घोटाला कळतं.

मिरची कधी घालायची

तीन वेळा मिरची घालता येते.

उकळताना: वास उडून जातो, तिखट राहतं. बिअरसाठी हे सगळ्यात वाईट, कारण मिरचीची खरी मजा तिच्या वासात आहे.

फर्मेंटेशन संपल्यावर बादलीत: वास चांगला उतरतो. पण कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. पाच टक्के अल्कोहोलमध्ये ते हळूहळू उतरत राहतं. आज चाखली तर बरी, चार दिवसांनी चाखली तर कानातून धूर. यीस्ट कॅप्सेसिन खात नाही, त्यामुळे एकदा आलेलं तिखट जात नाही.

अर्क काढून, बाटलीत भरताना: मला हीच पद्धत पटते. मिरची व्होडकात भिजवायची. ४० टक्के अल्कोहोलमध्ये तिखट आणि वास दोन्ही लवकर उतरतात, बरेचसे जंतू मरतात, आणि मुख्य म्हणजे हातात एक असं द्रव येतं जे सिरिंजने मोजता येतं. बेभरवशाच्या इनपुटचा भरवशाचा इनपुट झाला.

ऑगस्टच्या शेवटी डेन्व्हरमध्ये रस्त्याच्या कडेला मिरची भाजणारे उभे असतात. जाळीचा मोठा पिंप गॅसच्या ज्वाळेवर गरागरा फिरवतात आणि त्यात न्यू मेक्सिकोची हॅच किंवा इथल्याच प्वेब्लो शहराजवळची मिरची भाजून देतात. त्या वासाने आपल्याकडचा ठेचा आठवतो. अर्कासाठी अशी भाजलेली मिरची घ्यायची, करपलेली साल काढायची, बिया आणि आतली पांढरी शीर काढून टाकायची. तिखट बियांमध्ये असतं असं आपण म्हणतो, पण ते मुख्यतः त्या पांढऱ्या शिरेत असतं. बिया तिला चिकटलेल्या असतात म्हणून तिखट लागतात. मग चार मिरच्या चिरून २०० मिलीलिटर व्होडकात तीन ते पाच दिवस ठेवायच्या आणि कॉफीच्या फिल्टरमधून गाळायच्या. तेलात कधीच भिजवायच्या नाहीत. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे बोट्युलिझमचे जिवाणू वाढू शकतात, हा खरोखर जीवघेणा प्रकार आहे. शिवाय तेलाने बिअरचा फेस बसतो.

तिखटाची ए/बी टेस्ट

आता जिभेचा सेन्सर वापरायचा, पण शिस्तीत. आपण ॲपच्या दोन व्हर्जन्स जशा थोड्या लोकांना दाखवून बघतो, तसंच.

• १०० मिलीलिटर बिअरचे चार ग्लास भरा.
• सिरिंजने अनुक्रमे ०.५, १, १.५ आणि २ मिलीलिटर अर्क घाला. ग्लासच्या तळाला आकडा लिहा.
• कमी तिखटाकडून जास्तीकडे जा. उलट गेलात तर जीभ बधिर होते आणि पुढचे आकडे खोटे येतात.
• दोन ग्लासांमध्ये पाच मिनिटं थांबा. साधा पाव किंवा दूध जवळ ठेवा. पाण्याने कॅप्सेसिन जात नाही.
• बिअर पिताना जेवढी थंड असेल तेवढीच थंड ठेवून चाखा.

समजा १ मिलीलिटरचा ग्लास सगळ्यांना आवडला. म्हणजे लिटरला १० मिलीलिटर, १९ लिटरला १९० मिलीलिटर. पण इथे थांबा. चाखायला दोन घोट घेतले जातात, प्यायला अख्खा ग्लास. तिखट साचत जातं. म्हणून आधी दीडशेच घाला, ढवळा, परत चाखा, मग उरलेलं. जास्त घालणं कायम शक्य असतं, काढणं शक्य नसतं. ४० टक्क्यांचा १९० मिलीलिटर अर्क घातला तर बिअरचं अल्कोहोल साधारण ०.३५ टक्क्यांनी वाढतं, तेही हिशोबात धरा.

टेस्ट कोणावर करता यानेही निकाल बदलतो. माझा एक मित्र नागपूरचा आहे, सावजी खाऊन वाढलेला. तो ज्या ग्लासला "यात मिरची आहे का?" म्हणतो, त्याच ग्लासला माझी अमेरिकन सहकारी पाणी मागते. बिअर ज्यांना पाजायची आहे, त्यांच्याच जिभेवर कॅलिब्रेशन करायचं.

हॉप्सचा कडवटपणा आणि मिरचीची आग एकत्र आली की दोन्ही टोचतात. त्यामुळे मिरचीसाठी कमी कडवट, थोडी गोडसर बिअर चांगली. चिपोटले, म्हणजे धुरावर वाळवलेली हालापेन्यो, काळ्या स्टाउटमध्ये छान बसते. इथल्या इंडियन स्टोअरमध्ये ब्याडगी मिळते. तिचा रंग भरपूर आणि तिखट कमी, म्हणून लालसर बिअरला ती शोभते.

मिरचीशिवाय

हेच तर्कशास्त्र बाकीच्या फ्लेवरनाही लागू पडतं. प्रश्न एकच: याचा वास कशाने उडतो आणि तो कशात विरघळतो?

• धणे आणि संत्र्याची साल: बेल्जियमच्या विटबिअरमध्ये हे नेहमीचेच. उकळण्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत १९ लिटरला १५-२० ग्रॅम कुटलेले धणे. सालीचा आतला पांढरा भाग घ्यायचा नाही, कडू लागतो.
• वेलची, दालचिनी, लवंग: फार थोडं पुरतं. व्होडकात अर्क काढून थेंब मोजायचे.
• कॉफी: गार पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, शेवटी.
• खोबरं: भाजून वापरतात, पण त्यातलं तेल फेस मारतं.
• कोकम, आंबा: आंब्यात साखर असते, म्हणजे यीस्टला नवीन जेवण. हा धोक्याचा भाग आहे, म्हणून पुढचा मुद्दा नीट वाचा.

बाटली फुटते कशी

बिअरमधला गॅस 'व्हॉल्यूम'मध्ये मोजतात. १ लिटर बिअरमध्ये १ लिटर गॅस विरघळला की १ व्हॉल्यूम. साधारण ४ ग्रॅम साखर एक लिटरमध्ये १ व्हॉल्यूम गॅस बनवते. नेहमीच्या बिअरमध्ये २.४ च्या आसपास गॅस असतो. फर्मेंटेशननंतर त्यात ०.८ वगैरे आधीच उरलेला असतो, म्हणून १९ लिटरला ११५ ते १२० ग्रॅम साखर पुरते.

आता समजा बिअर १.०१० ला थांबायची होती आणि कोणी घाईत १.०१६ लाच बाटल्या भरल्या. ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट म्हणजे ढोबळमानाने अर्धा व्हॉल्यूम गॅस. सहा पॉइंट म्हणजे जास्तीचे ३ व्हॉल्यूम. एकूण पाचच्या वर. साध्या बिअरच्या बाटलीसाठी ३ च्या पुढचा गॅस म्हणजे जोखीम. ती बाटली कपाटात उभ्या उभ्या फुटते आणि काचा भिंतीत घुसतात. होमब्रूवर याला सरळ 'बॉटल बॉम्ब' म्हणतात.

आंबा, मध किंवा मिरचीचे ताजे तुकडे घातले की साखर आणि सालीवरचं जंगली यीस्ट दोन्ही आत येतात. म्हणून नियम असा: काहीही घातल्यानंतर सलग तीन दिवस ग्रॅव्हिटी हलली नाही, तरच बाटली भरायची. इथे तो तरंगणारा सेन्सर खरंच उपयोगी पडतो. आलेख सपाट झालाय का, एवढंच त्याला विचारायचं.

भारतात काय?

अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्रीय करातून सूट मिळाली. एका सज्ञान माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त सज्ञान असलेल्या घराला २०० गॅलन. विकायची मात्र नाही. राज्यांनी आपापल्या वेळेने हे मान्य केलं, अलाबामा आणि मिसिसिपीने तर थेट २०१३ मध्ये.

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे आणि त्यात घरगुती बिअरही आली. ऑनलाइन किट मिळतं, याचा अर्थ परवानगी मिळाली असा होत नाही. कोणी रील दाखवून "घरीच करू" म्हणालं तर त्याला हे सांगा. वेगळी बिअर चाखायचीच असेल आणि वय कायद्यात बसत असेल, तर परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरी आहेत. पुण्यात डूलाली २००९ मध्ये सुरू झाली, त्यानंतर राज्यात अशा बऱ्याच जागा उघडल्या.

आणि हात शिवशिवत असतील तर अल्कोहोलशिवाय दोन प्रयोग करता येतात. ईएसपी८२६६ आणि तापमानाचा सेन्सर घेऊन डोशाचं पीठ रात्रभर मोजा. हिवाळ्यात ते का फुगत नाही, ते ग्राफवर दिसेल. दुसरा प्रयोग पन्ह्याचा. एक हिरवी मिरची थोड्या पाण्यात वाटून गाळून घ्या, पन्ह्याचे चार ग्लास भरा, त्यात सिरिंजने १, २, ३, ४ मिलीलिटर घाला आणि घरच्यांना कमीकडून जास्तीकडे चाखायला द्या. कोणाचा आकडा किती आला ते कमेंटमध्ये लिहा. आजीचा आकडा नातवापेक्षा जास्त आला, तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही.